मॅशअप बनवणाऱ्या पोट्ट्यांनो, या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या खोलीचा जिना अरुंद आहे. तरी महिन्यातून दोन-तीनदा कुणीतरी पोट्टा पेन ड्राइव्हवर मॅशअप, म्हणजे वेगवेगळ्या गाण्यांचे तुकडे जोडून केलेलं एक गाणं, घेऊन वर येतोच. "भाऊ, एकदा ऐका ना, एकदम जमलंय." मी ऐकतो. वीस सेकंदांत कळतं काय बिघडलंय, कारण दरवेळी तेच बिघडलेलं असतं. वाईट याचं वाटतं की गाण्यांची निवड पुष्कळदा झकास असते. जुनी लावणी आणि कुठलातरी हाऊस बीट एकमेकांशेजारी ऐकू येणं हाच या धंद्यातला खरा गुण, आणि तो शिकवता येत नाही. बाकीचं सगळं शिकता येतं. त्यासाठी बसावं लागतं, आणि बसायलाच कुणाला वेळ नसतो.

समेचा पत्ता सॉफ्टवेअरला विचारणे

ही माझी जुनी चीड आहे, त्यामुळे जरा लांबेल. सम म्हणजे तालाच्या एका फेरीची, आवर्तनाची, पहिली मात्रा.

जुनी मराठी गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. कानात वेग बांधून देणारा क्लिक नव्हता. ढोलकीवाला अंतऱ्यात किंचित पुढे सरकतो, मुखड्यावर येताना पुन्हा सैल होतो. एकाच गाण्यात टेम्पो मिनिटाला ९६ ठोक्यांवरून ९९ वर जातो आणि परत ९७ वर येतो. पोट्टा फाइल टाकतो, सॉफ्टवेअर म्हणतं ९७, हा मान डोलावतो आणि खाली सरळसोट किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा एकसारखा ठोका, लावून मोकळा होतो. पहिली ओळ बरी वाटते. चाळीस सेकंदांनी ढोलकी आणि किक यांची तीन पायांची शर्यत सुरू होते, आणि दोघांचं आपसात भांडण झालेलं असतं.

त्याहून मोठी गफलत समेची. मुखडा पुष्कळदा समेच्या आधीच उचललेला असतो. दोन शब्द होतात, मग सम येते. सॉफ्टवेअरला जो पहिला ठळक आवाज सापडतो त्यालाच ते 'एक' धरतं आणि पडद्यावर मात्रांच्या रेघांचं ग्रिड त्यावरून आखतं. मग तुमचा ड्रॉप, म्हणजे बीट पूर्ण जोरात सुरू होण्याची जागा, दीड मात्रा आधी कोसळतो आणि नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहतो. "भाऊ, ग्रिडवर तर बरोबर दिसून राह्यलं." हाव, दिसून राह्यलं. ऐकू येऊन राह्यलं का?

मी काय करतो ते सांगतो. संगणक बंद ठेवून गाणं तीनदा ऐकतो आणि टाळी देतो. सम आली की तोंडाने "धा" म्हणतो. घरचे हसतात, हसू द्या. मग फाइल उघडून पहिली सम हाताने पकडतो, आणि पुढे दर चार आवर्तनांनी समेवर एकेक खूण ठोकतो. मधलं सॉफ्टवेअर सांभाळतं. यात दोन-तीन तास जातात. कधीकधी उलटं करतो: गाणं जसं फिरतं तसं फिरू देतो आणि किकलाच त्याच्या मागे चालवतो. ऐकायला हे जास्त गोड लागतं, फक्त दुसऱ्या डीजेला पुढचं गाणं जोडताना शिव्या द्याव्याशा वाटतात.

९७ चं गाणं ताणून १२८ वर नेणं म्हणजे जवळपास ३२ टक्के ताण. आवाजाची वाळू होते. आठ टक्क्यांच्या पुढे मी जात नाही. तेवढ्यात जमत नसेल तर दुसरं गाणं शोधतो. आणि दादऱ्यातलं, सहा मात्रांचं गाणं चारात कोंबू नका. ते बसत नाही, तुम्ही कितीही हुशार असा.

नागपुरात राहून सम चुकावी याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे वरातीत ढोल-ताशे वाजवणारे धुमालवाले आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांनी ताल कागदावर पाहिलाय देव जाणे, पण वरातीत, गर्दीत, ट्रॅफिकमध्ये चालता चालता वाजवतात आणि मात्रा इकडची तिकडे होत नाही. एक रात्र त्यांच्या मागे चाला. प्लगइनचे, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या अवजारांचे, पैसे वाचतील.

'की' जुळली म्हणून सूर जुळला असं मानणे

डीजे सॉफ्टवेअरमधल्या 'की'च्या, म्हणजे गाण्याच्या स्वरपट्टीच्या, चक्रावर दोन्ही गाणी ८ए दाखवतात, म्हणजे ए मायनर, म्हणजे जमलंच! असं नसतं. सॉफ्टवेअर कोणते सूर किती वेळा आले ते पाहून अंदाज बांधतं. पाश्चात्त्य पॉपला तो बहुतेक लागू पडतो. रागातल्या गाण्याला दगा देतो. सी मध्ये सा धरलेली भैरवी घ्या. तिचे सात सूर तेच, जे एफ मायनरचे असतात. सॉफ्टवेअर बिनदिक्कत एफ मायनर सांगतं, तुम्ही बेस एफ वर बसवता, आणि गायिका प्रत्येक ओळीला ज्या घरी परत येते त्या घराला तुम्ही कुलूप लावलेलं असतं. चूक अशी कुठेच नाही, तरी ऐकणारा अस्वस्थ होतो.

उपाय हार्मोनियम. किंवा साधा कीबोर्ड. गाणं थांबल्यावर मनात जो सूर उरतो तो गुणगुणा आणि पट्टीवर शोधा. तोच सा. जुन्या टेपवरची गाणी दोन पट्ट्यांच्या मध्येही लटकलेली असतात, ३०-४० सेंट इकडे किंवा तिकडे (शेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट असतात). ती आधी सरळ करून घ्या, मग बाकीचं. आणि सुरुवात करायचीच तर भूपातल्या चालीने करा. सा, रे, ग, प, ध, एवढंच. सी मधला भूप सी, एफ आणि जी या तिन्ही मेजर स्केलमध्ये मावतो, म्हणजे खाली काहीही लावताना तुम्हाला तिप्पट जागा मिळते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

आवाज वेगळा काढण्याबद्दल थोडं. २०१९ मध्ये डीझर कंपनीने गाण्यातून गायकी वेगळी काढणारं स्प्लीटर हे सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं, आणि तेव्हापासून प्रत्येक पोट्ट्याकडे प्रत्येक गायकाचा सुटा आवाज आहे. आधी आम्ही इन्स्ट्रुमेंटल शोधायचो, तिची लहर उलटी करून मूळ गाण्यावर टाकायचो आणि उरलेल्या भुताला आवाज म्हणायचो. तेव्हा आता रडू नका. फक्त १२८ केबीपीएसची, म्हणजे फार दाबलेली, कुठूनतरी ओढलेली एमपीथ्री त्या यंत्रात घालू नका. बाहेर येणारा माणूस अंबाझरी तलावाच्या तळातून गातोय असं वाटतं. आणि असा सुटा केलेला आवाज मधल्या शांत जागेत एकटा उभा करू नका. त्याच्या अंगावर झांजांचे चिकटलेले कण दिसतात. खाली हाय-हॅट असली की लपतात.

कूलर चालू ठेवून मिक्स करणे

हे फक्त विदर्भातल्यांसाठी. एप्रिल-मे मध्ये कूलर बंद करणं शक्य नाही, मान्य. पण त्याच्या सूंऽऽ मध्ये वरच्या पट्टीचं सगळं बुडतं. तुम्ही वरचं वाढवता, अजून वाढवता. तोच ट्रॅक जानेवारीत गॅदरिंगला वाजतो आणि पहिल्या रांगेतले पालक कान झाकतात. मी उन्हाळ्यात पहाटे ५ ते ८ मिक्स करतो. तेवढंच.

एका वायरने केलेली माझी फजिती

आता माझी चूक. वर्धा रोडवरचं एक लॉन, संगीताचा कार्यक्रम, नवरीकडच्या मावश्या-काकूंसाठी मी सात गाण्यांचा मॅशअप केला होता. तीन आठवडे त्यांनी घरी ब्लूटूथ स्पीकरवर तालीम केली. पाठ होतं सगळं.

साउंडवाल्याकडे लॅपटॉपसाठी एकच वायर. एका टोकाला हेडफोनची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला एक जाड पिन, ती मिक्सरच्या एका चॅनलमध्ये. मी म्हटलं, आवाज येतोय ना, चालेल. टेस्टिंगला कुणाशी तरी बोलत बोलत पाच सेकंद सुरुवातीचं पॅड, म्हणजे सिंथचा लांब पसरलेला सूर, वाजवलं. भरगच्च वाटलं.

मावश्या रांगेत उभ्या राहिल्या, लाइट पडला, मी प्ले दाबलं. पॅड आलं. मग जिथे गायिका यायची तिथे गायिका आलीच नाही. किक नाही, बेस नाही. दुरून, जणू शेजारच्या लॉनमधून, तिची नुसती घुमी ऐकू येतेय आणि टाळ्या वाजताहेत. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. फाइल बदलली. साउंडवाला म्हणाला फाइल खराब, मी म्हटलं तुझा बॉक्स खराब. एक काकू तोवर स्वतःच गायला लागल्या होत्या आणि लोक त्यांना साथ देत होते, त्यामुळे अब्रू थोडी वाचली. शेवटी त्याच रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला आलेले एक वयस्कर गृहस्थ मागून आले, चहा हातात तसाच, आणि म्हणाले, "फक्त लेफ्ट सोड बे." मी उजवा चॅनल शून्यावर नेला. गायिका धाडकन परत आली.

कारण असं. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक ऐकतं. तारेत वाटेत शिरलेली खरखर दोन्हीकडे सारखी असते म्हणून ती वजा होऊन जाते, त्यासाठीच ती सोय आहे. स्टिरिओ वायर तिथे खुपसली की डावं वजा उजवं होतं. मॅशअपमध्ये गायकी, किक आणि बेस मधोमध असतात, म्हणजे दोन्हीकडे तंतोतंत सारखे. वजा केल्यावर शून्य. उरतं ते कडेचं: घुमी, पॅड, टाळ्या. म्हणजे माझी टेस्टिंग नेमकी त्या एकाच गोष्टीवर झाली होती जी वाचणार होती.

तेव्हापासून बॅगेत तीन गोष्टी असतात: एका बारीक पिनेतून दोन सुट्या जाड पिना निघणारी माझी स्वतःची वायर, एक डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला नीट जोडणारी डबी), आणि सगळी गाणी मोनो, म्हणजे डावं-उजवं एकच, करून भरलेला पेन ड्राइव्ह. टेस्टिंग गायकीवर करतो, पॅडवर नाही. मिरवणुकीच्या गाड्या बहुतेक मोनोतच वाजतात, म्हणून आवाज 'रुंद' करणारे प्लगइन गायकीवर लावत नाही. हेडफोनमध्ये ते राजेशाही वाटतं आणि गाडीवर गायक पातळ होऊन जातो.

मॅशअप आपली मालमत्ता आहे असं समजणे

पोट्टे मला विचारतात, "भाऊ, यातून करिअर होते काय?" होते, पण तुम्हाला वाटतं त्या दारातून नाही.

गाण्यात हक्कांचे दोन थर असतात: शब्द-चाल एक, आणि ते ध्वनिमुद्रण दुसरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दोन्ही वेगवेगळे धरले आहेत. २०१२ च्या दुरुस्तीत कव्हरसाठी ३१सी कलम आलं, त्याचा दाखला पुष्कळ जण देतात. ते कलम नव्याने गाऊन-वाजवून केलेल्या मुद्रणासाठी आहे, तेही मूळ मुद्रण होऊन पाच वर्षं उलटल्यावर, आगाऊ सूचना आणि पैसे देऊन. तुम्ही मूळ मुद्रणच कापून वापरता. "तीस सेकंद चालतात" असा नियम कुठेच नाही. तो आपल्या चहाच्या टपऱ्यांवर जन्मला असावा.

यूट्यूबवर क्लेम येणं आणि स्ट्राइक येणं यातला फरक तरी समजून घ्या. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात आणि व्हिडिओ राहतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनल जातं. माझं पहिलं असंच गेलं, चार वर्षांचं काम घेऊन. पकडलं जाऊ नये म्हणून गाणं अर्धा सूर वर चढवणाऱ्यांना मी जिन्यावरूनच परत पाठवतो. चोरी करायची तर निदान गाणं तरी विद्रूप करू नका.

२००४ साली डेंजर माऊस या अमेरिकन निर्मात्याने जे-झीची गायकी आणि बीटल्सचे तुकडे जोडून एक अख्खा आल्बम केला. बीटल्सच्या मुद्रणांचे हक्क असलेल्या ईएमआय कंपनीने तो थांबवायला लावला. पण पुढच्याच वर्षी गोरिलाझ या नामांकित बँडचा आल्बम निर्माता म्हणून त्याच्या हातात होता. मॅशअपची किंमत एवढीच: ते तुमचं व्हिजिटिंग कार्ड आहे. नागपुरात पोट भरतं ते संगीताच्या मेडलीवर, डिसेंबर-जानेवारीतल्या शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगवर, आणि हळूहळू स्वतःच्या चालींवर.

त्या कामातही ठरलेल्या चुका होतात. अर्धे पैसे आधी घ्या. दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीला पैसे. तालीम सुरू झाल्यावर टेम्पोला हात लावू नका, मग तुम्हाला कितीही छान कल्पना सुचो. नाचणाऱ्या आत्याला तुमच्या कल्पनेशी देणंघेणं नाही. आणि सगळ्यात दमदार तुकडा शेवटाला ठेवू नका. रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, आणि नागपुरात ८ चा कार्यक्रम ८ ला सुरू झालेला मी अजून पाहिला नाही. माझे दोन उत्तम शेवट कुणीच ऐकलेले नाहीत.

उरलेलं पटकन. दर आठ मात्रांनी स्वतःचं नाव ओरडणारा टॅग काढा; एकदा पुरे. मीटर लाल करून गाण्याचा आवाज मोठा होत नाही, यूट्यूब त्याला साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाची मोठाई मोजायचं माप) खाली आणतंच. कॅमेऱ्यातून आलेली ४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ म्हणून वाचली गेली तर सगळं जवळजवळ पाऊण सूर खाली घसरतं, आणि तुम्ही रात्रभर गायिकेला दोष देत बसता. क्रॅक, म्हणजे चोरीचं, प्लगइन ऐन कार्यक्रमात बंद पडतं. आणि मे महिन्यात उघड्या मंचावर प्रोजेक्ट फाइल लाइव्ह चालवू नका. लॅपटॉप तापला की वेग कमी करतो आणि आवाज तडतडायला लागतो. सगळं डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली तयार ऑडिओ फाइल, करून न्या.

माझ्याकडे येणार असाल तरी डब्ल्यूएव्हीच आणा. आणि उन्हाळ्यात दुपारी ५ च्या आत येऊ नका, त्या खोलीत कूलरही दमलेला असतो.