एकच चर, चार वाचक

गल्लीच्या तोंडाशी पाइप टाकायला खणलेला चर नुसती माती लोटून तसाच सोडलाय, असं धरा. सोसायटीच्या ग्रुपवरचा संतापाचा मेसेज जसाच्या तसा वॉर्ड ऑफिसला दिला, तर तो फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. म्हणून आधी ठरवा: कोण वाचणार आणि वाचून त्याने काय करायचं? उत्तर एका क्रियापदात यायला हवं. बुजवा, सही करा, प्रत द्या. ‘लक्ष घाला’ चालणार नाही. त्याने कुणाचंच काही अडत नाही.

वॉर्ड ऑफिसचा अर्ज. आवक नोंदवणारा फक्त ‘विषय’ वाचतो. ‘रस्त्याच्या दुरवस्थेबाबत’ यावरून कागद कुठल्या टेबलावर न्यायचा, हे त्याला कळत नाही. ‘अमुक इमारतीसमोरील चर बुजवून डांबरीकरण करणेबाबत’ असं लिहा. पुढे ठिकाण, लांबी-रुंदी, कधीपासून. मग एकच मागणी. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एकदा आलं तर बिघडत नाही. ‘करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी’ मात्र नको, वाचणारा लगेच स्वतःचा बचाव शोधू लागतो. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.

माहिती अधिकाराचा अर्ज. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण लोक इथेही तक्रारच लिहितात. 2005 च्या कायद्याने मिळते ती नोंदीत असलेली माहिती. ‘चर अजून का बुजवला नाही?’ असं विचारलं, की ‘अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही’ म्हणून हात झटकता येतात. ‘का’ काढून कागद मागा: ‘खोदकामाच्या परवानगीची प्रत, कार्यादेशाची प्रत, रस्ता पूर्ववत करण्यासाठी भरून घेतलेल्या रकमेच्या पावतीची प्रत द्यावी.’ कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची माहिती हवी, तेही लिहा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांपर्यंत. शुल्क 10 रुपये. उत्तराची मुदत साधारणपणे 30 दिवस. विशेषणं गाळली, की 150 शब्द पुरून उरतात.

लिफ्टशेजारची सूचना. इथे ‘उपरोक्त’ दिसलं की माणूस पुढे सरकतो. ‘रविवारी सकाळी 10 वाजता गेटपाशी या. अर्जावर सही करायची आहे. ज्यांना खाली उतरणं जमत नाही, त्यांच्याकडे कागद घरी आणू.’ एवढंच. ‘मागच्या वेळी कुणीच आलं नाही’ हा टोमणा गाळा. नाहीतर ग्रुपवर चर्चा त्याचीच होते आणि सह्या राहतात.

वर्तमानपत्राला पत्र. या वाचकाला तुमची गल्ली ठाऊक नाही, तेव्हा सुरुवात शहर आणि भागापासून. भावनेला इथे जागा आहे, पण ती एखाद्या दृश्यातून येऊ द्या: दिवे गेल्यावर दुचाकीचं पुढचं चाक चरात जातं. न पाहिलेला अपघात ऐकीव माहितीवर लिहू नका.

सूर चार वेगळे असले, तरी मापं आणि तारखा चारही ठिकाणी त्याच हव्यात. अर्जात चर 20 फूट आणि पत्रात 50 फूट असला, तर महापालिकेचा खुलासा नेमका त्या 30 फुटांवरच येतो.