संगीत नाटकात वादक कमी करताय? या चुका टाळा

इंदूरात हौशी मंडळींचं संगीत नाटक बसायला लागलं की बजेटची कात्री पहिली वादकांवर पडते. सेट कमी होणार नाही, नऊवाऱ्या तर नाहीच नाही, मग कोणीतरी म्हणतंच, "अरे व्हायोलिन काढा, बासरी काढा, कीबोर्डवर सगळं निघतं." आमच्याकडे हे म्हणणारा मीच होतो.

चूक तिथेच झाली, आम्ही डोकी मोजली, कामं मोजलीच नाहीत. आधी एकेक पद घेऊन बसा आणि लिहून काढा, सूर कोण धरतंय, ठेका कोणाचा, मधल्या जागा कोण भरतंय. बासरी अख्ख्या नाटकात दोनच पदांना असेल तर खुशाल जाऊ द्या, पण व्हायोलिन गाणारीच्या मागे सतत चालतं, ते काढलं की नवखी मुलगी एकदम उघडी पडते. आमची तालमीत रडली.

ऑर्गन परवडत नाही म्हणून पेटी आणताय? आणा, पण ऑर्गनचा भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे असतात, पेटीत डावा हात भात्यातच अडकतो. म्हणजे खालच्या सुरांचा भरणा गेला, गाणं पोकळ वाटतं, आणि मग सगळे माइकवाल्याला शिव्या घालतात. त्यापेक्षा कीबोर्डवर खालच्या सप्तकात ऑर्गनचा हलका टोन धरा. हलका हं! स्ट्रिंग्जचा जाड टोन गाणाऱ्याच्याच सप्तकात दाबून ठेवला तर शब्द बुडतात, आणि नाट्यपदात शब्दच बुडाले तर राहिलं काय. कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं बटन पद संपल्या संपल्या शून्यावर आणा, नाहीतर पुढचं पद भलत्याच पट्टीत सुरू होतं. पट्टी बदलते तिथे दुसरा तबला आधीच लावून ठेवा, संवाद चालू असताना हातोडीची ठकठक शेवटच्या रांगेपर्यंत जाते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रेकॉर्डेड ट्रॅक. स्वस्त पडतो, मान्य. पण नटाने एखादी तान लांबवली की लॅपटॉप काही थांबत नाही, आणि वन्स मोअर आला तर? 'सौभद्र' हे संगीत नाटक १८८२ चं, आजही इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहात त्यातलं पद रंगलं की पब्लिक वन्स मोअर मागतंच, तेव्हा ट्रॅकवाला माऊस शोधत बसतो. बालगंधर्वांच्या मागे कादरबक्षांची सारंगी होती, थिरकवाँचा तबला होता, फार मोठा ताफा नव्हता, पण ते गळ्यामागे चालायचे, गळा त्यांच्यामागे नाही.

म्हणून उरलेल्यांना विंगेत कोंबू नका, गाणाऱ्याचा चेहरा दिसेल असं बसवा, चौघंच असले तर हे जास्तच लागतं.

आणि सीन बदलायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. जो बासरीवाला आम्ही काढला, अंधारात तोच वाजवायचा, त्यामुळे पहिल्या प्रयोगात लोकांनी फक्त पलंग ओढल्याचा आवाज ऐकला.