कविता तोंडात, कथा वहीत: लेकरं लहान असताना लिहायचं कसं

मुलगी तीन महिन्यांची असताना एक कविता सुचली होती. तिला पाजत होते, दोन्ही हात अडकलेले. ही झोपली की लिहू, म्हटलं. ती झोपली आणि तिच्या शेजारी मीही. उठले तेव्हा त्यातला शेवटचा एक शब्द तेवढा आठवत होता. आज ती नऊ वर्षांची आहे, धाकटा चारचा, पण ती कविता काही परत आली नाही. 'नंतर लिहू' म्हणणं मी तेव्हापासून सोडलं.

नुकत्याच आई झालेल्या लिहित्या बायकांना मी आधी हेच सांगते की कविता आणि कथा एकाच वेळात कोंबू नका. कवितेला वेळ थोडा लागतो, पण ती थांबत नाही. फोनवर आवाज रेकॉर्ड करायची सोय एका अंगठ्याने उघडेल अशी ठेवा. ओळ आली की पुटपुटून टाका; मागे बाळ रडत असलं तरी चालतं. मग ती दिवसभर तोंडात घोळवा. कपड्यांच्या घड्या घालताना, बाळाला थोपटताना. थोपटण्याला लय असते. ज्या शब्दापाशी हात अडखळतो, तो बहुतेक वेळा बदलावाच लागतो. माझ्या कितीतरी कविता अशा थोपटता थोपटताच दुरुस्त झाल्या आहेत.

कथा मात्र अशी तोंडात सांभाळता येत नाही. तिला वही आणि बैठक हवी, आणि नेमकी बैठकच मोडत राहते. वीस मिनिटं मिळाली तर त्यातली दहा 'मी कुठे होते?' यातच जातात. यावर मला सापडलेला उपाय असा: हाक आली तरी उठण्याआधी पुढची एक ओळ खरडायची. सुंदर नको, नुसती खूण. 'आता ती दार उघडते, आत कोणी नाही.' आणि एक प्रश्न सोबत न्यायचा. भांडी घासताना तेवढ्याच प्रश्नाचा विचार करायचा: तिने ते पत्र फाडलं की ठेवलं? परत वहीपाशी येता तेव्हा उत्तर तयार असतं, निदान प्रश्न तरी बदललेला असतो.

कादंबरी होत नाही म्हणून झुरू नका. कॅनडाच्या लेखिका अ‍ॅलिस मन्रो यांना 2013 साली साहित्याचं नोबेल मिळालं ते कथांसाठी. मुली लहान असताना घरातल्या कामांमधून जेवढा वेळ निघे, त्यात कथाच बसत, असं त्या सांगत. ती तडजोड होती असं मला वाटत नाही. आपल्या दिवसाला झेपेल तो घाट त्यांनी पूर्ण ताकदीने वापरला.

घरच्यांकडे 'जरा मदत करा' असं मोघम मागू नका. मी कित्येक वर्षं तसं मागितलं आणि मनातल्या मनात चिडत राहिले. मग नवऱ्याला सरळ सांगितलं, 'रविवारी नऊ ते अकरा मी दार लावून बसणार. मुलं तुझ्याकडे. रक्त आलं तरच दार वाजवायचं.' पहिले दोन रविवार दार वाजलं. तिसऱ्यापासून नाही.

आजारपणात लिहायचा हट्ट नको. तेव्हा चार पानं वाचली तरी पुष्कळ.

राहिलं मुलांबद्दल लिहिणं. ती तान्ही असतात तोवर सगळं आपलंच वाटतं. पण ती वाचायला लागतात. आता मुलीविषयी काही लिहिलं की आधी तिला वाचून दाखवते. मागे एका कवितेत तिने अंथरूण ओलं केल्याची ओळ होती. 'ही काढ आई,' म्हणाली. काढली. कविता त्या जागी लंगडते आहे, दुसरी ओळ अजून सापडलेली नाही.