डार्क सोया सॉसची बाटली उघडण्याआधी
रविवारी संध्याकाळी घरी फ्राइड राइस करायचा असेल तर तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. भात मोकळा शिजवा, ताटात पसरा, वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये. मे महिन्यातल्या जळगावात तो रात्रभर ओट्यावर ठेवाल तर सकाळी आंबलेला मिळेल.

मग बाटली तपासा. दुकानात नुसतं ‘सोया सॉस’ म्हटलं की हाताला येईल ती पुढ्यात ठेवतात. लेबलवर ‘डार्क’ हवं. बाटली तिरकी करून बघा. लाइट सॉस काचेवरून पाण्यासारखा ओघळतो, डार्क काकवीसारखा रेंगाळतो. तो जास्त दिवस मुरवलेला असतो, शिवाय बहुतेक वेळा त्यात कॅरमेल किंवा साखर असते. लाइट खारटपणासाठी, डार्क रंगासाठी. सोयाबीनसोबत गहूही असतो बहुतेकदा, त्यामुळे कुणाला तो चालत नसेल तर आधी विचारा.

आपली खरी गफलत होते ती काळ्या रंगात. खान्देशात रस्सा काळा म्हणजे कांदा-खोबरं खरपूस भाजलेलं, मसाला सढळ हाताने. काळं दिसलं की जिभेला पाणी सुटतं. पहिल्यांदा मीही त्याच हिशेबाने पळीभर ओतला. भात डांबरासारखा, चव कडवट-गोड, आणि सासूबाई ताटाकडे बघत, “हाई काय शे व माय?” तेव्हापासून चौघांच्या भाताला डार्क एक छोटा चमचा आणि लाइट दोन, वाटीत आधीच मिसळून ठेवते. बाटली कढईवर धरायचीच नाही. वाफ लागली की हात दचकतो. मीठ अगदी शेवटी, चाखून.

लसूण, आलं, हिरवी मिरची बारीक. कोबी, गाजर, सिमला मिरची उभी चिरून, कोरडी. ओल्या भाज्या पाणी सोडतात आणि भाताचा चिखल होतो. पातीचा कांदा, व्हिनेगर हाताशी. लोखंडी कढईतून धूर निघू लागला की पाच-सात मिनिटांत सगळं उरकतं, मध्येच मिरची चिरायला थांबता येत नाही. वाटीतलं मिश्रण भात पडल्यावरच घाला. तापलेल्या लोखंडावर एकटं पडलं तर त्यातली साखर जळते.

आणि ठेचा वेगळा काढून ठेवा. सासूबाईंना हे सगळं अजूनही अळणीच लागतं.