घरी इंटरनेट घेताना कंपनीच्या आधी तार पाहावी

घरी नवे इंटरनेट घ्यायचे ठरले की आपण दोन-तीन कंपन्यांचे दर समोर मांडून बसतो आणि ज्याची गती जास्त व भाडे कमी, त्याला होकार कळवून मोकळे होतो. इंदूरमध्ये आधी रामबागेत आणि पुढे सुदामा नगरात राहताना मी चार निरनिराळ्या जोडण्या वापरल्या. त्या अनुभवानंतर मला हा क्रम उलटा करावा लागला. बिलावर कंपनीचे नाव असते खरे, परंतु खांबापासून आपल्या भिंतीपर्यंत आलेला तारेचा शेवटचा तुकडा आणि तो बिघडल्यावर शिडी घेऊन येणारा माणूस, या दोहोंवरच घरातले इंटरनेट चालते.

निवड करण्याची वेळ इंदूरकरांवर तशी लवकरच आली. देशातली पहिली खासगी स्थिर दूरध्वनी सेवा भारती समूहाने जून १९९८ मध्ये याच शहरात सुरू केली होती. त्यामुळे ब्रॉडबँडचा काळ आला तेव्हा येथील अनेक घरांना सरकारी आणि खासगी अशा दोन तारा माहीत होत्या, आणि तिसरा पर्याय घेऊन केबलवाला दारात उभा होता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस (सेकंदाला २५६ किलोबिट) ही किमान गती ठरवली आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली. फोन अडवून ठेवणाऱ्या डायलअपवर दिवस काढलेल्या आमच्यासारख्यांना ती गती चैनीची वाटली.

पहिली सावधगिरी आकडा वाचण्याची. गती किलोबिट-मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल किलोबाइट-मेगाबाइटमध्ये मोजतात, म्हणून सांगितलेल्या गतीला आठाने भागावे. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट, तासाला सुमारे ११५ एमबी. म्हणजेच महिन्याला १ जीबीची मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये सलग नऊ तास काही उतरवत राहिले की महिना संपला. अनेक प्लॅनमध्ये पाठवलेला आणि आलेला असा दोन्ही डेटा या मर्यादेत मोजला जाई, हे बहुतेकांना पहिल्या बिलानंतरच समजले. माझे एका महिन्याचे बिल भाड्याच्या तिपटीवर गेले, आणि त्यात दोष माझाच होता: मोडेम राउटर पद्धतीने, म्हणजे स्वतःच जोडणी चालू ठेवील असा लावून रात्रंदिवस चालू ठेवला होता आणि संगणक आपल्या मनाने अद्यतने उतरवत बसला होता. डेटावनच्या काही प्लॅनमध्ये पहाटे २ ते ८ या वेळेतला वापर मोफत असे. त्यासाठी जागरण करणारे आम्ही लोक घड्याळाच्या फरकाचा धोका नको म्हणून सव्वादोनला जोडणी सुरू करत असू आणि पावणेआठला तोडत असू. आज अनेक प्लॅनची मर्यादा ३३०० जीबीपर्यंत गेली असली, तरी ‘अनलिमिटेड’ या शब्दाखालची बारीक अक्षरे वाचण्याची गरज संपलेली नाही. मर्यादा ओलांडल्यावर गती किती उरते, हा एक प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा, आणि उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे.

यानंतर तारेकडे वळावे, कारण खरी निवड तिथे होते. फोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट देणारी एडीएसएल सेवा टेलिफोन एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर अवलंबून असे. जसजसे अंतर वाढे तसतसा संकेत क्षीण होई, आणि वाटेतला प्रत्येक सांधा त्यात भर घाली. संगणकावर उघडणाऱ्या मोडेमच्या पानावर ‘ॲटेन्युएशन’ (वाटेत संकेत किती घटला) आणि ‘एसएनआर मार्जिन’ (गोंगाटाच्या तुलनेत संकेताला किती वाव उरला) असे दोन आकडे दिसत. पहिला ६० डेसिबलच्या वर गेला किंवा दुसरा ६ च्या खाली आला, तर जोडणी वारंवार तुटणार हे धरून चालावे लागे. रामबागेतल्या जुन्या घरात फोनची तार माजघरातून वळसे घेत माडीवर गेली होती आणि तिला तीन ठिकाणी चिकटपट्टीचे सांधे होते. मोडेम खाली, तार घरात शिरते तिथेच, स्प्लिटर (फोन आणि इंटरनेटचे संकेत वेगळे करणारी डबी) लावून बसवला आणि निम्म्या तक्रारी त्याच दिवशी थांबल्या. कंपनी बदलण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी स्वतःच्या घरातली तार तपासावी, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगत आलो आहे.

फायबरला, म्हणजे प्रकाशाने संकेत नेणाऱ्या काचेच्या तारेला, सांध्यांचा तसा त्रास नाही, परंतु त्याला वाकणे सोसत नाही. बसवणारा माणूस तार दाराच्या फटीतून दाबून नेत असेल किंवा खिळ्याभोवती गच्च वळवत असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबवावे. जाण्यापूर्वी त्याच्याकडून तारेतून येणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजून घ्यावी. ती उणे २० डीबीएमच्या आसपास असल्यास चिंता नाही; उणे २७ च्या जवळ असल्यास आज चाललेली जोडणी पुढे केव्हाही रुसेल. हा आकडा त्याच्या यंत्रावर दिसतो. विचारणारा ग्राहक क्वचितच भेटत असल्यामुळे तो थोडा चकित होईल, पण सांगेल.

केबलवाल्याच्या जोडणीत निराळी मेख असते. तांब्याची लॅन केबल सुमारे १०० मीटरच्या पुढे भरवशाने चालत नाही, म्हणून वाटेत कोणाच्या तरी गच्चीवर किंवा जिन्यात स्विच (संकेत पुढच्या तारांत वाटणारी पेटी) बसवावा लागतो, आणि त्याला वीज त्या घरातून मिळते. आमच्या घरी इन्व्हर्टर होता, मोडेमचे दिवे लुकलुकत होते, तरी एका उन्हाळ्यात आठ दिवस इंटरनेट बंद राहिले. पलीकडच्या गल्लीतले कुटुंब मुलांना घेऊन देवासला गेले होते आणि जाताना त्यांनी शहाणपणाने मुख्य बटण बंद केले होते. तेव्हा अशी जोडणी घेण्यापूर्वी स्विच कोणाकडे आहे, त्याला बॅटरी आहे का आणि ते कुटुंब घरी नसताना किल्ली कोणाजवळ असते, हे तिन्ही प्रश्न विचारावेत.

शेजाऱ्यांकडे चौकशी करतानाही प्रश्न नेमका असावा. ‘तुमचे इंटरनेट कसे आहे?’ याला सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात. त्याऐवजी शेवटचे बंद केव्हा पडले आणि किती दिवसांनी सुरू झाले, असे विचारावे. शक्य असल्यास रात्री ९ च्या सुमारास त्यांच्याकडे जाऊन स्वतः गती मोजावी, कारण तार अनेकांत वाटलेली असते आणि दुपारी १२ वाजता दाखवलेली गती सर्व घरे एकदम जागी असताना टिकत नाही. पुण्याला किंवा बंगळुरूला मुले-नातवंडे असलेल्या घरांनी पाठवण्याची गतीही पाहावी. आजी-आजोबांना नातू स्पष्ट दिसतो आणि त्याला मात्र ते थिजलेले दिसतात, याचे कारण बहुधा तिथेच असते.

जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की तांब्याच्या जोडणीला मोडेम जळण्याची भीती असते. वीज कडाडू लागताच नुसते प्लग काढून भागत नाही. फोनची किंवा लॅनची तारही काढावी लागते, कारण विजेची लाट बहुतेक वेळा त्याच वाटेने घरात येते. फायबरच्या तारेतून हे संकट येत नाही, तरी राउटरच्या पुढे तांब्याची तार घरभर फिरवली असल्यास तीही सोडवून ठेवावी.

बिघाड झाल्यावर लाइनमनला थेट फोन करणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे, आणि काम त्यानेच लवकर होते हेही खोटे नाही. तरीही आधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६ च्या गुणवत्ता नियमांत ९० टक्क्यांहून अधिक बिघाड पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त होणे अपेक्षित होते, पण ज्याच्या हाती क्रमांक नाही त्याचा बिघाड त्या हिशेबात येतच नाही. तारीख, वेळ आणि क्रमांक दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहून ठेवावेत. भाड्यात सूट मागताना किंवा वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करताना हेच कामास येतात.

जोडणी बंद करण्याची वेळ आल्यास मोडेम परत केल्याची पावती घेतल्याशिवाय तो हातचा सोडू नये. माझ्याकडून एका कंपनीच्या माणसाने तो दारातूनच नेला आणि पुढे सात महिने त्याचे भाडे बिलात येत राहिले. पावतीवर मोडेमचा अनुक्रमांक, तारीख आणि नेणाऱ्याची सही असावी, आणि अनामत रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती जपून ठेवावी.