रेडिओसाठी सलोख्याचं ३० सेकंदांचं गाणं कसं करावं

सलोखा किंवा नागरी शिस्त यांवरचं रेडिओगीत करायला घेतलं की 'संदेश ठळक हवा' हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. रेडिओ ऐकणाऱ्याचे हात कामात आणि लक्ष अर्धवट असतं. उपदेशाचा सूर लागला की तेही जातं.

विषय एकच घ्या. स्वच्छता, मतदान आणि एकोपा एकाच गाण्यात कोंबू नका. लय मिनिटाला ९६ ठोके ठेवली तर चार ठोक्यांत, म्हणजे अडीच सेकंदांत, केरवा या तालाचं एक आवर्तन, म्हणजे आठ मात्रांचा एक फेरा, पूर्ण होतं. ३० सेकंदांत अशी १२ बसतात: ४ ध्रुवपदाला, ४ कडव्याला, ४ पुन्हा ध्रुवपदाला.

खरी कसोटी ध्रुवपदाची. सहिष्णुता, बंधुता, सामंजस्य हे शब्द त्यात नकोतच. ते फलकावर शोभतात, ओठांवर बसत नाहीत. ऐकणारा आजच करू शकेल अशी एखादी कृती शोधा. उदाहरणार्थ, 'दार धर जरा, मागून कुणी येतंय'. येणाऱ्याचा धर्म कोणता, भाषा कोणती, हे गाणं विचारतच नाही, आणि सांगायचं ते सांगून होतं. आता मात्रा मोजा. 'दार धर जरा' आठ, 'मागून कुणी' आठ, 'येतंय' पाच आणि पुढच्या तीन रिकाम्या. त्या रिकाम्याच राहू द्या. तेवढ्या उसंतीत ओळ ऐकणाऱ्याच्या मनात उतरते. चौथं आवर्तन वाद्यांना द्या.

नकारार्थी ओळ टाळा. 'भांडू नका' गायलंत तर अर्धवट कानांना 'भांडू' तेवढंच ऐकू येतं.

त्याहून घातक म्हणजे 'आपण' आणि 'ते'. 'त्यांनाही सामावून घेऊ' या ओळीत घेणारा घरमालक ठरतो आणि दुसरा कायमचा पाहुणा. शिवाय तो दुसराही तोच रेडिओ ऐकत असतो! १९९४ मध्ये रवांडातल्या आरटीएलएम या रेडिओ केंद्राने लोकप्रिय गाण्यांच्या जोडीने असंच 'ते' लोकांच्या कानी घातलं होतं, आणि त्याच वर्षी तिथे नरसंहार झाला. म्हणून या बाबतीत मी तडजोड करत नाही: ओळीत 'ते' आलं की ओळ खोडायची.

चाल एका सप्तकात ठेवा, म्हणजे कुणालाही गाता येईल. आवाज साधा, बोलल्यासारखा असावा.

मिक्सिंग मोनोमध्ये, म्हणजे एकाच स्पीकरवर, तपासा. मध्यम लहरींवर (एएम रेडिओवर) साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर जवळजवळ पोहोचतच नाहीत. स, श, फ बोथट होतात, खालचा ढोलही लहान स्पीकरवर विरतो. त्यामुळे महत्त्वाचा शब्द या अक्षरांवर तोलू नका.

शेवटी, विषय माहीत नसलेल्या माणसाला गाणं एकदाच ऐकवा आणि तासाभराने काय आठवतं ते विचारा. त्याने ओळ गुणगुणली तर गाणं पाठवून द्या. 'संदेश चांगला होता' म्हणाला, तर ध्रुवपद नव्याने लिहा.