जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा

मुलगा किंवा मुलगी राखीव प्रवर्गातून इंजिनिअरिंग, फार्मसी वा मेडिकलला जाणार असेल, तर जात वैधता प्रमाणपत्राचं (जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) काम अकरावीतच हाती घ्या. सीईटीचा निकाल लागल्यावर पडताळणी समितीच्या दारात धावपळ करणारे पालक दर जूनमध्ये दिसतात, आणि फार वाईट वाटतं.

वेळ जातो तो जातीचे जुने पुरावे शोधण्यात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा, कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या नोंदवहीतली) जन्म-मृत्यूची नोंद, असं काहीही चालून जातं. यासाठी गावी जावं लागतं. दिवाळीची सुट्टी त्यालाच ठेवा. वडिलांच्या बाजूच्या काका, आत्या किंवा चुलत भावंडांपैकी कुणाकडे वैधता असेल तर आधी त्यांना फोन करा, निम्मं काम तिथेच होतं.

अर्ज कॉलेजमार्फत जातो, पण पाठपुरावा आपणच करायचा.

आधार, दहावीची गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही आताच बघा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) मुदत मात्र ३१ मार्चला संपते, म्हणून ते प्रवेशाच्या वर्षी एप्रिलमध्ये नवीन काढा. (अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही.)

मुलीचे पालक असाल तर आणखी एक: कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.